सात तासांचा दिवा

मदतनीस मुलगी घरी गेली तसा ताईंनी टाकीचा दिवा पुन्हा लावला, माशांच्या खाण्याची आणखी एक मोठी चिमूट पाण्यात सोडली आणि शांतपणे दवाखान्याला कुलूप घातलं. सकाळी तिच्या आधी येऊन दिवा बंद केला की झालं.

दातांच्या या दवाखान्यात ताईंची चौदा वर्षं गेली होती. मुलीला इथे कामाला लागून पाच महिनेही झाले नव्हते. आल्या आल्या तिने बाकाशेजारी हातभर लांबीची काचेची टाकी मांडली. तळाला माती, मातीत नाजूक पानांची झाडं, वर दहा चिमुकले मासे. मग काय, पेशंट असोत की डॉक्टर, जो तो टाकीपुढे वाकलेला! भोकाड पसरून आलेली पोरंसुद्धा गप्प बसू लागली.

सुरुवातीला काचेवर शेवाळ धरलं, तेव्हा मुलगी रडकुंडीला आली होती.

"ताई, रोज घासते, रोज येतं."

"नुसतं घासून काय होतंय? दिवा दिवसभर जळतोय बघ. सात तासांच्या वर ठेवू नकोस, खायलाही चिमूटभरच घाल. दात काय नि काच काय, खाणं उरलं की कीटण धरणारच."

शेवाळ गेलं. ताई ते बोलणं विसरूनही गेल्या.

मग एके दुपारी डॉक्टर मुलीशी बोलत असताना ताईंच्या कानावर आलं. "शेवाळ कसं आवरलं गं? ही टाकी ज्याला जमली ना, त्याच्याच हाती मी उघडतोय तो नवा दवाखाना सोपवणार."

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलगी काय उत्तर देतेय, ते ऐकायलाही त्या थांबल्या नाहीत. चौदा वर्षं आपण राबायचं आणि आयत्या बिळावर नागोबा ही!

महिन्याभरात टाकीचं डबकं झालं. पानापानावर हिरवे केस लोंबू लागले. मुलगी जुन्या टूथब्रशने एकेक पान घासत बसायची.

"ताई, सगळं तुम्ही सांगितलंत तसंच करतेय हो. कुठे चुकतंय?"

"एकेकाच्या हाताला गुण नसतो, बाई," ताई म्हणाल्या. त्यांना तिची दया आली, पण थोडीच.

सोमवारी डॉक्टरांनी दोघींना आत बोलावलं.

"नवा दवाखाना हिच्याकडे देतोय."

"हिच्याकडे?" ताईंचा आवाज चढला. "अहो, टाकीची काय दशा करून ठेवलीय, ती तरी बघा!"

"बघितली ना, म्हणूनच." डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शेवाळ कसं आवरलं, असं मी हिला तेव्हा विचारलं होतं. ही म्हणाली, मी नुसती काच घासते, टाकी सांभाळतात त्या ताई. त्याच दिवशी मी तुमचं नाव पक्कं केलं होतं."