घोटपात्र

"भावाला पाणी दे. कशातनं देतीस?" सासूने मुद्दाम विचारलं.

बाळाबाईने ओठांवर आलेला शब्द गिळला. "घोटपात्रातनं," ती म्हणाली. सुटली.

सासूचं नाव फुलाबाई. सुनेने ते घ्यायचं नाही, आणि कडोलीच्या या घरात तर त्या नावासारखा शब्दही उच्चारायचा नाही. मग बाळाबाईने नवे शब्दच पाडले. फुलपात्राचं घोटपात्र, फुलवातीची उजेडवात, फुलपाखराचं रंगपाखरू. फुलं म्हणजे वासकळ्या. गल्लीतल्या बायका हसत हसत तेच बोलू लागल्या. त्यांची गंमत होत होती, हिचा मात्र जीव जात होता. जीभ घसरली की त्या वर्षीचं माहेर बंद. तीन नागपंचम्या न्यायला आलेला भाऊ एकटाच परत गेला होता.

यंदा तिकडे आई अंथरुणाला खिळली होती. लढाईपायी पेट्रोल मिळेना, मोटारी बंद, म्हणून भाऊ मष्णू खानापुराकडून बैलगाडी जुंपून आला होता. आल्या आल्या त्याने "नागू" अशी हाक मारली, तर सासूने त्यालाही अडवलं. लग्नात नाव बदललंय, इथं ती बाळाबाई.

आता सासूने फुलांची परडी पुढे ओढली. यात काय आहे, सकाळी देवाला काय वाहिलंस, कालची सुकलेली कुठं टाकलीस? बाळाबाई शब्द चाचपत उत्तरं देत होती.

मष्णूला ते बघवेना. त्याने आपला दुसराच विषय काढला. वाटेत नंदगडच्या बाजारात भावकू नावाचा म्हातारा भेटला. कडोलीला निघालोय म्हटल्यावर रडायलाच लागला. त्या गावात माझी धाकटी बहीण चिमी दिलीय, म्हणाला, आता पाय चालत नाहीत, भेटली तर विचारलंय म्हणून सांग. ही चिमी कुणाच्या घरची, असं मष्णूने विचारलं.

सासूचा हात परडीवरच थांबला.

"ती मीच," ती म्हणाली. "चाळीस वर्सं झाली, चिमी म्हणून कुणी हाक मारली न्हाय. फुला हे ह्या घरानं ठेवल्यालं."

तिने अख्खी परडी सुनेच्या ओटीत रिकामी केली.

"फुलं म्हण ह्यास्नी. अन् जा नागू, आई वाट बघत असंल."