समुद्राची बाजू

मला चक्कर येते म्हणून डॉक्टरांनी माझं ड्रायव्हिंग बंद केलं. तेव्हापासून गाडी बायको चालवते आणि मी डावीकडे बसून सूचना देतो.

दिवेआगरहून श्रीवर्धनला जाताना समुद्र उजव्या हाताला लागतो, म्हणजे आता तिच्या. माझ्या वाट्याला डोंगर, करवंदीच्या जाळ्या आणि एक विचारमग्न म्हैस आली.

“या रस्त्यात आता राम नाही. गाडी विकून टाकू,” मी म्हणालो.

“फियाट होती तेव्हापासून तिथे मीच बसत होते ना? केली कधी तक्रार?”

“अगं, पण मग तुला समुद्र दिसायचा का?”

“दिसायचा की. तुमच्या नाकापलीकडे. थोडा मिशीच्या वर, थोडा हनुवटीखाली.”

इतकी वर्षं रस्त्यावरची नजर न हलवता मी ‘बघ, काय समुद्र आहे!’ म्हणून ओरडायचो आणि ती निमूट बघायची.

शेखाडीच्या वळणापुढे तिनं गाडी कडेला घेतली.

“उतरा. त्या कठड्यावर बसा आणि गाडी चालवताना बघायचात तसं सरळ समोर बघा.”

“कशासाठी?”

“नुसता समुद्र मला ओळखू येत नाहीये.”