तिसरी बादली

लातूरच्या औसा रोडवर साखराबाईंच्या अंगणात मी त्यांच्या कुत्र्यासाठी प्लास्टिकचं गवत बसवलं. वरच्या मजल्यांवर कोचिंगची पोरं भाड्यानं राहतात, दिवाळीत पेटते फटाके खाली टाकतात. म्हणून बाईंना न पेटणारंच गवत हवं होतं. उरलेल्या तुकड्याला मी लायटर लावून दाखवला. तुकडा नुसता काळा पडला, पेटला नाही.

आता पाणी टाकून बघायचं तेवढं राहिलं होतं. अंगण धुतलं की पाणी गवताच्या भोकांतून कोब्यावर उतरून कोपऱ्यातल्या जाळीत जायला पाहिजे. मी मधोमध बादली ओतली. जाळी कोरडीच.

कोबा माझ्याच हातचा, कुठं चीर नाही. दुसरी बादली ओतली. तीही गेली.

"मावशी, खाली काय आहे?"

"काय असणार? भूकंपात पडलेलं आमचं जुनं घर. त्याच्यावरच भराव टाकून हे बांधलंय."

कुत्रा गवताला कान लावून बसला होता. घरातलं माणूस गावाहून आल्यावर हलवावी तशी शेपूट हलवत होता. मग उठला, आपलं पाण्याचं भांडं नाकानं ढकलत आणलं आणि तिथंच सांडलं.

मला आता तिथून निघायचं होतं. तिसरी बादली मी घाईघाईनं उपडी केली. गवताखालून घटाघट आवाज आला आणि मधेच अडकला.

साखराबाईंनी माझा हात धरला.

"हळू वत, बाबा. ठसका लागंल."