शिंपल्यांचा चुरा

निवृत्त झाल्यावर ह्यांनी परसात पाच कोंबड्या पाळल्या. "कोंबडीला काय, टाकाल ते खाते," म्हणत रोज मक्याचा भरडा आणि ताटातलं उरलंसुरलं घालायचे. महिन्याभरात अंडी कवचाविना पिशवीसारखी लिबलिबीत यायला लागली आणि तांबडी कोंबडी जागची उठेना. पशुवैद्यांनी तिचे पाय चाचपले. "खाण्यातून कॅल्शियम मिळालं नाही की ही स्वतःच्या हाडांतलं काढून कवचाला देते." ह्यांचा चेहरा उतरला. लगेच जाऊन शिंपल्यांचा चुरा आणला, वाटी तिच्या चोचीपुढे धरली. "चकार शब्द काढला नाही गं बिचारीनं!" मी वॉकर सरकवत दारापर्यंत आले. "मी काढला होता. तिसऱ्या बाळंतपणानंतर डॉक्टरीणबाईंनी हाडांसाठी गोळ्या लिहून दिल्या, तेव्हा तुम्ही म्हणालात, आमच्या आईनं कुठं खाल्ल्या होत्या?" ह्यांनी वाटी कोंबडीकडे आणखी सरकवली. "खा बाई, खा."