एकशे सात नंबर

"तुझं मशीन परत माझ्या एकशे सात नंबरावर बसलंय," ध्रुव शाल्मलीच्या टेबलापाशी येऊन म्हणाला. चेहरा रागीट करायला गेला, पण साधलं नाही.

"काऊन रे, रोज माझ्याच नावाने ओरड?" शाल्मली नागपूरची, ऐकून घेणाऱ्यातली नव्हेच. "जेवायला जाताना मशीन बंद करतोस कशाला? तुझा नंबर सुटतो, माझं मशीन उचलतं."

"ते काही नाही. दंड!"

दंड म्हणजे खालच्या दर्शिनीतली, उभ्याउभ्या खायच्या हॉटेलातली, फिल्टर कॉफी. बंगळूरच्या यशवंतपूरमधल्या त्या ऑफिसात नियमच होता: ज्याच्या मशीनने दुसऱ्याचा नंबर घेतला, त्याने कॉफी पाजायची. ही मशीनं तरी कुठे खरी? एका दांडग्या सर्व्हरच्या पोटात सॉफ्टवेअरने मांडलेला वीसेक मशीनांचा संसार तो. प्रत्येक मशीन सुरू झालं की नेटवर्कवरचा नंबर आपोआप मागून घेतं, माणसाला बोट लावावं लागत नाही. नंबर मिळतो तोही ठरावीक मुदतीपुरता, भाड्याच्या खोलीसारखा. मुदत संपली की जो आधी मागेल त्याचा.

आता गंमत ऐका. ही मुदत होती चांगली दिवसभराची. ती दहा मिनिटांवर आणली कोणी? या ध्रुवनेच! पुण्याहून येऊन वर्ष झालं तरी शाल्मलीशी चार शब्द बोलायला गडी धजत नव्हता, म्हणून हा उद्योग. आपलं मशीन बंद करून जेवायला जायचं, कधीतरी तिचं मशीन आपल्या जागी येईल, एवढीच आशा. आलं ते रोजच! वीस मशीनांत नेमकं तिचंच कसं, हा प्रश्न त्याला पडला नाही. देव पावला म्हणायचा आणि कॉफी प्यायचा.

पण आज मंजुनाथअण्णांनी घात केला. अण्णा टीममधले सर्वांत जुने, निपाणीचे. म्हणाले, "संध्याकाळी सगळ्यांचे नंबर कायमचे पक्के करतो. उद्यापासून भांडण बंद."

शाल्मली पर्स घ्यायला वळली, तसा ध्रुव धावत अण्णांकडे गेला.

"अण्णा, नका ना करू पक्के!"

"सरी, बरं, पण का ते तरी सांग."

ध्रुवने सगळं ओकून टाकलं. कान लालबुंद झाले. "नंबर पक्का झाला तर तिच्या टेबलापाशी जाऊ कुठल्या तोंडाने?"

अण्णा पोट धरून हसले. "अरे लेका, तुझा उद्योग मला केव्हाच दिसला. गेल्या महिन्यातच मुदत परत दिवसभराची केली मी."

ध्रुव गोंधळला. "मग जेवणाच्या सुट्टीत माझा नंबर सुटतो कसा?"

"सुटतच नाही. इकडे ये, तिच्या मशीनचं सेटिंग बघ."

"ध्रुव, चल ना रे!" दारातून शाल्मलीने हाक मारली. "दंड भरायचाय मला!"

ध्रुवने स्क्रीनकडे पाहिलं. तिच्या मशीनचं आपोआप नंबर मागणं बंद केलेलं होतं, आणि खालच्या चौकटीत एकशे सात हा आकडा हाताने टाईप केलेला होता.