अस्सल प्रत

निवृत्त पाद्री सालेवाओ सामोआच्या बेटांचा इतिहास लिहायला बसला की त्याला जगाची शुद्ध नसायची. पण राजधानी आपियातल्या दुकानदारानं त्याच्या कॉम्प्युटरमध्ये चोरीची सिस्टीम घालून दिली होती. ‘ही प्रत अस्सल नाही’ असं बजावून ती दर तासाला बंद पडायची. मग तो चरफडत ओसरीवर यायचा, कोको ओतायचा आणि घटकाभर बायकोचे, लूपेचे, सुजलेले पाय चोळत बसायचा. दिवसभर एका जागी खिळलेली लूपे त्या लबाड दुकानदाराला मनातल्या मनात दुवा द्यायची.

ऑकलंडहून मुलगा आला आणि त्यानं रीतसर परवान्याची सिस्टीम घातली. “बाबा, जन्मभर चर्चमध्ये ‘चोरी करू नका’ म्हणून सांगितलंत, आणि घरात हे? आता बघा, दिवसभर बंद पडायचं नाही.”

“गुणाचं गं माझं लेकरू,” लूपे म्हणाली खरी, पण तिची नजर आपल्या सुजलेल्या पायांकडे गेली.

मुलगा परत गेला. दुसऱ्या दिवशी तासाभरातच सालेवाओ तणतणत बाहेर आला. “पुन्हा बंद पडलं बघ हे कार्टं!” म्हणत त्यानं खोबरेल तेलाची बाटली उघडली आणि तिचा पाय मांडीवर घेतला.

लूपेनं मान वळवून दारातून आत पाहिलं. कॉम्प्युटर लख्ख चालू होता. अर्धवट राहिलेल्या वाक्यापुढे रेघ लुकलुकत होती.

घरातून चोरी गेली आणि म्हातारा खोटं बोलायला लागला. लूपेनं देवाचे आभार मानले आणि दुसराही पाय त्याच्या मांडीवर ठेवला.