नव्या हॉर्नचा फ्यूज

व्यंकटीनं लातूरहून आणून व्हॅनला बसवलेला नवा दणदणीत हॉर्न दोनच दिवसांत मुका झाला. आणि उद्या तर याच गाडीत चुलतभावाला नवरदेव करून कंधारला न्यायचं होतं! भर उन्हात स्टेअरिंगखाली डोकं खुपसून त्यानं फ्यूजच्या डबीचं झाकण काढलं. जळालेला एकही नव्हता. हॉर्नची जागाच तेवढी रिकामी होती.

"फ्यूज काय उडून गेला का?" तो करवादला.

"ऱ्हाऊ दे की," ओसरीवरून त्याची माय भामाबाई म्हणाली. "बिगर हॉर्नचं लगीन लागत न्हाई का?"

ऐकेल तो व्यंकटी कसला! पाऊस तर पडत नाही, मग वायपरला फ्यूज हवा कशाला? त्यानं तोच उपसला, हॉर्नच्या जागी दाबला आणि हॉर्न लांबलचक वाजवला.

गल्लीतली दारं धडाधड उघडली. "टँकर आला गं!" म्हणत बाया घागरी, हंडे घेऊन धावल्या. व्हॅनभोवती रांग लागली, पहिल्या नंबरावरून दोघींची जुंपलीसुद्धा.



भामाबाईनं कपाळावर हात मारला, पदराची गाठ सोडली आणि हॉर्नचा फ्यूज लेकाच्या हातावर ठेवला. "घे. तू वाजवून निघून जातूस अन् टँकर समजून बाया माझ्या दारात येत्यात. आता ह्यांच्या घागरी तूच भर."